जर्नल स्क्वेअरला आलेलं पत्र

अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटी या शहराच्या जर्नल स्क्वेअर या चौकाला नाव मिळालं ते एका वर्तमानपत्रावरून. ‘जर्सी जर्नल’ हे गावाचं दैनिक, १८६७ साली सुरू झालेलं. त्याची इमारत या चौकातच होती आणि तिच्या माथ्यावर लाल अक्षरांत दैनिकाचं नाव झळकायचं. १९८७ च्या उन्हाळ्यात या दैनिकाकडे एक पत्र आलं. खाली माणसाचं नाव नव्हतं, ‘डॉटबस्टर्स’ अशी सही होती. तीनच वर्षांपूर्वी गाजलेल्या ‘घोस्टबस्टर्स’ या सिनेमाच्या धर्तीवर बेतलेलं हे नाव. कपाळावरच्या कुंकवाला ‘डॉट’ म्हणून हिणवायचं आणि ते लावणाऱ्यांना गावातून हुसकून काढायचं, असा त्याचा रोख. भारतीयांना जर्सी सिटीतून घालवण्यासाठी आम्ही वाटेल त्या थराला जाऊ, रस्त्यात कोणी हिंदू दिसला आणि संधी मिळाली तर त्याला मारू, घरांच्या आणि गाड्यांच्या काचा फोडू, असं पत्रात सरळ लिहिलं होतं. माणसं कशी हेरतो तेही सांगितलं होतं: टेलिफोन डिरेक्टरी उघडायची आणि पटेल आडनाव शोधायचं.

दैनिकानं हे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापलं.

आपल्या शेजारी काय शिजतंय हे गावाला कळायलाच हवं होतं, त्यामुळे हा मजकूर दडपायला हवा होता असं मी म्हणणार नाही. पण धमकी ही बातमी असते. ती पोलिसांना विचारून, ज्यांना धमकावलं त्यांच्या घरी जाऊन, पहिल्या पानावर द्यायची गोष्ट आहे. तीच धमकी पत्रव्यवहाराच्या सदरात, रस्त्यावरचे खड्डे आणि पाणीपट्टी यांच्या जोडीला आली, की तिला मताची प्रतिष्ठा मिळते. मग तिच्यावर उलटसुलट पत्रं येऊ शकतात. एका समाजानं या गावात राहावं की राहू नये, हा चर्चेचा विषय होऊन बसतो. जर्सी सिटीतल्या भारतीयांवर त्या उन्हाळ्यात पहिला घाव पडला तो हा, असं मला वाटतं. बेसबॉलच्या बॅटचा घाव त्यानंतरचा.

ही माणसं तिथं आली कशी, हे थोडक्यात सांगायला हवं. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेनं देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि भारतातून डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका यायला लागल्या. त्यांच्या मागून भाऊ-बहिणी आल्या, दुकानदार आले. हडसन नदीच्या या काठावरचे कारखाने तेव्हा एकेक करून बंद पडत होते. नदीकाठी कोलगेटचं भलंमोठं अष्टकोनी घड्याळ आजही उभं आहे. ज्या कारखान्याच्या माथ्यावर ते होतं तो ऐंशीच्या दशकातच बंद झाला. घरभाडं कमी, आणि पाथ रेल्वेनं नदीखालच्या बोगद्यातून मॅनहॅटन काही मिनिटांवर. नवी नोकरी धरलेल्या कुटुंबाला याहून सोयीचं गाव कुठलं? न्यूअर्क अॅव्हेन्यूवरची ओस पडलेली दुकानं गुजराती व्यापाऱ्यांनी उघडली. मराठी कुटुंबंही पहिली काही वर्षं अशा भाड्याच्या घरांत काढून, हातात पैसा आला की एडिसन, पार्सिपनीकडे स्वतःच्या घरात जायची. ज्यांच्या वडिलांची नोकरी कारखान्याबरोबर गेली होती त्या मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र होतं: आपली गल्ली उतरणीला लागली आणि परक्यांची दुकानं चालायला लागली. कारखाने बंद करणारे त्यांना कधी दिसले नाहीत, दुकान उघडणारे रोज दिसत होते.

२४ सप्टेंबर १९८७ च्या रात्री कौशल सरन या तरुण डॉक्टरला जर्सी सिटीच्या हाइट्स भागात बेसबॉलच्या बॅटनं मारलं. तो आठवड्याहून अधिक काळ बेशुद्ध होता, जगला. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला टोळक्यानं घेरलं. तो बँकेत अधिकारी होता. त्याच्याबरोबर एक गोरा मित्र होता, त्याला कोणी हात लावला नाही. मारणारे ‘हिंदू, हिंदू’ असं ओरडत होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. नवरोझ पारशी होता. चार दिवसांनी तो गेला.

कपाळावर कुंकू नसलेला, हिंदूही नसलेला माणूस ‘हिंदू’ म्हणून मारला गेला, इथं जरा थांबायला हवं. आपण घरात पारशी, गुजराती, मराठी, पंजाबी असे किती बारकावे जपतो. रस्त्यावरच्या त्या मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. १९८७ मध्ये भारतीय माणूस अमेरिकेच्या टीव्हीवर जवळजवळ नव्हताच. ‘द सिम्पसन्स’ मालिकेतला दुकानदार अपू यायला १९९० उजाडलं, आणि तोही आला तो गोऱ्या नटानं काढलेल्या हेलातल्या आवाजात. त्या नटानं, हँक अझारियानं, हा आवाज काढणं थांबवल्याचं २०२० मध्ये जाहीर केलं. त्याआधी विनोदकार हरी कोंडाबोलू यानं २०१७ मध्ये त्यावर एक अख्खा माहितीपट केला होता. तीस वर्षं एका देशातली मुलं आपल्या वर्गातल्या भारतीय मुलाला त्या आवाजात हाक मारत राहिली. पडद्यावर कोण दिसतं हा प्रश्न काही जणांना चैनीचा वाटतो. ज्याला माणूस म्हणून कधी पाहिलंच नाही त्याला मारताना हात अडखळत नाही, इतकंच मी होबोकेनच्या त्या रात्रीवरून म्हणेन.

पुढचं न्यायालयात घडलं, आणि तिथला तपशील मला सर्वांत जास्त सलतो. १९८९ मध्ये चार तरुण दोषी ठरले. तिघांवर गंभीर मारहाणीचा गुन्हा सिद्ध झाला, चौथ्यावर साध्या मारहाणीचा. खुनाचा नाही. वंशद्वेषाचा मुद्दा सरकारी पक्षानं खटल्यात धरलाच नाही. नवरोझच्या वडिलांनी होबोकेन शहराविरुद्ध दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की भारतीयांवर त्याआधी झालेल्या हल्ल्याची पोलिसांनी नीट दखल घेतली असती तर मुलगा वाचला असता. १९९२ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयातही ते हरले. सरन यांच्या प्रकरणात पाच वर्षांनी केंद्र सरकारनं नागरी हक्कांच्या कायद्याखाली तिघांवर खटला भरला. पहिल्या वेळी ज्युरींचं एकमत झालं नाही, दुसऱ्या वेळी आरोपी सुटले. ‘डॉटबस्टर्स’ या नावाखाली नेमके कोण होते, त्यांची संघटना होती की गल्लीतल्या पोरांनी उचललेलं ते एक नाव होतं, हे कुठल्याच निकालातून ठरलं नाही.

त्या महिन्यांत जर्सी सिटीतल्या कित्येक बायकांनी घराबाहेर पडताना कुंकू पुसायला सुरुवात केली. साडीऐवजी पँट आली. आज न्यूअर्क अॅव्हेन्यूच्या दुकानांत गल्ल्याजवळ टिकल्यांची पाकिटं टांगलेली असतात, लाल, मरून, चंदेरी खड्यांची. मेंदीचे कोन, अगरबत्ती आणि पानमसाल्याच्या मधोमध. गोऱ्या, काळ्या मुलीही ती घेतात. नव्वदीच्या दशकात अमेरिकी पॉप गायिका टिकली लावून मिरवायला लागल्या तेव्हा ती फॅशन झाली. पण त्याआधी काहीच वर्षं याच रस्त्यावरची एखादी बाई दाराआड उभी राहून पदरानं कपाळ पुसत होती. सौभाग्याचं लेणं म्हणून वाढवलेल्या बाईला स्वतःच्या हातानं ते पुसावं लागणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कुठल्या खटल्यात ते नुकसान मोजलं गेलं नाही.

लढे झाले. कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी ‘इंडियन यूथ अगेन्स्ट रेसिझम’ नावाचा गट काढून हल्ल्यांची नोंद ठेवली, मोर्चांना माणसं जमवली. भारतीय समाजाच्या पुढाऱ्यांना मात्र सुरुवातीला हे प्रकरण वाढवावंसं वाटत नव्हतं. आपण शिकलेले, कष्टाळू, कायदा पाळणारे, मग आपल्याला का त्रास होईल, ही समजूत पक्की होती. आदर्श अल्पसंख्य म्हणून मिळालेली शाबासकी सोडवत नव्हती. याउलट, अमेरिकेतल्या काळ्या समाजानं अनेक दशकं किंमत मोजून उभे केलेले नागरी हक्कांचे कायदेच शेवटी दाद मागायला हाताशी होते. न्यू जर्सीनं वांशिक दहशतीविरुद्धचा कायदा १९९० मध्ये केला, त्यामागे भारतीयांवरचे हे हल्ले होते, तसे ज्यू आणि काळ्या लोकांवरचेही होते. एकट्या कोणाच्या जोरावर तो झाला नाही.

इथं ऑस्ट्रेलियाची आठवण निघते. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले झाले, मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी रस्त्यावर बसले. व्हिक्टोरियाच्या पोलिसांचा सूर असा की ही मुलं रात्री उशिरा एकटी प्रवास करतात, जवळ लॅपटॉप, मोबाइल असतात, म्हणून लुटली जातात. वंशद्वेषाचा प्रश्न नाही. जानेवारी २०१० मध्ये नितीन गर्ग या एकवीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला आणि भारतीय वाहिन्यांनी ऑस्ट्रेलिया हा देशच वंशद्वेष्टा ठरवला. पुढे मारेकरी पंधरा वर्षांचा मुलगा निघाला, हेतू मोबाइल लुटण्याचा होता. म्हणजे तिथले पोलीस आधीच उत्तर देऊन मोकळे झाले होते आणि इथल्या वाहिन्याही. ज्याला मार बसला तो कोणालाच नीट ऐकू आला नाही. याच सुमारास बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर केलं की ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात आयपीएल खेळू देणार नाही.

हे वाचून परदेशातल्या मराठी माणसांना बरं वाटलं असेल. मला ते वाचताना ‘मार्मिक’ आठवतो. ठाकरे यांनीच १९६० मध्ये सुरू केलेल्या या साप्ताहिकानं मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, बहुतेक नावं दक्षिणेकडची. सदराचं नाव ‘वाचा आणि थंड बसा’. वाचकांनी थंड बसू नये हाच त्याचा अर्थ होता, आणि वाचक बसले नाहीत. उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती हे खोटं नव्हतं, जर्सी सिटीतल्या गोऱ्या तरुणाचीही नोकरी गेली होती हे खोटं नव्हतं. दोन्हीकडे छापील कागदावर आडनावांची यादी आली, किंवा ती कुठं शोधायची ते सांगितलं गेलं, आणि गिरणीमालक, कंपनीमालक सोडून शेजारी हाताशी लागला. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मार बसला, तेव्हा मराठी वाहिन्यांवर चर्चा कसली होती? यांनी इथं यावं की नाही, याची. जर्सी सिटीतल्या मराठी कुटुंबाला न्यूअर्क अॅव्हेन्यूचा इतिहास सांगताना दादर-माटुंग्याचा हा इतिहास गाळून चालणार नाही. आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलेले लोक आहोत.

जर्सी सिटीवरचा संशय १९८७ मध्ये संपला नाही, त्यानं माणसं बदलली. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली फुटलेला बॉम्ब ज्या भाड्याच्या व्हॅनमध्ये होता ती याच गावातून घेतलेली होती, आणि तेव्हापासून इथल्या मशिदींवर कॅमेरे रोखले गेले. २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी टेक्सासमध्ये रेल्वेतून दोघांना उतरवलं गेलं: मूळचे हैदराबादचे, राहणार जर्सी सिटी. त्यांच्याजवळ कागद कापायच्या सुऱ्या सापडल्या. देशभरच्या बातम्यांत त्यांचे चेहरे झळकले. ते वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर काम करत. गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापायला अशी सुरी लागते. दहशतवादाशी त्यांचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही. कित्येक महिने कोठडीत राहून क्रेडिट कार्डाच्या गैरव्यवहारात ते दोषी ठरले आणि परत पाठवले गेले. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती, सुटकेची शोधावी लागली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी अलाबामातल्या एका सभेत सांगितलं की वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळत असताना जर्सी सिटीत हजारो लोक जल्लोष करत होते आणि ते आपण पाहिलं. असं एकही चित्रीकरण सापडलं नाही. जर्सी सिटीचे तेव्हाचे महापौर स्टीव्हन फुलप यांनी ठामपणे नाकारलं. मग ट्रम्प यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या १८ सप्टेंबर २००१ च्या बातमीचा आधार काढला, त्या बातमीत काही जणांना ताब्यात घेऊन चौकशी केल्याचा उल्लेख होता, हजारोंचा नव्हता. बातमी लिहिणाऱ्यांपैकी एक सर्ज कोवालेस्की यांनी तसं स्पष्ट केलं, तेव्हा भर सभेत हात वाकडे करून त्यांच्या अपंगत्वाची नक्कल झाली. त्या आठवड्यात वाहिन्यांनी ‘असं झालं का’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे पाहुणे बोलावले. हजारोंचा जल्लोष झालेलाच नसताना दोन बाजू कुठून येतात? पत्रव्यवहाराच्या सदराची जागा आता स्टुडिओनं घेतली होती.

याच गावानं दुसरं चित्रही दिलं, तेही सांगायला हवं. मार्व्हल कंपनीच्या कॉमिकमध्ये २०१३ मध्ये कमला खान नावाची मुलगी आली आणि २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ म्हणून तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. पाकिस्तानी आईबापांची, जर्सी सिटीत वाढलेली मुलगी. मार्व्हलमध्ये स्वतःच्या नावाचं कॉमिक मिळालेली ती पहिली मुस्लीम नायिका. तिला घडवणाऱ्या संपादक सना अमानत न्यू जर्सीतच वाढलेल्या. २०२२ मध्ये त्यावर टीव्ही मालिका झाली आणि तीत फाळणीच्या रेल्वे स्टेशनवरची गर्दी अमेरिकी घरांत पोचली. कमला जगाला वाचवण्याआधी आईची परवानगी मागते, पार्टीला जायला भांडते. कुठल्याही भारतीय घरातली मुलगी ओळखेल. पडद्यावर असणं म्हणजे सद्गुणांचा पुतळा असणं नव्हे. चिडता, चुकता आणि तरी गोष्टीच्या मधोमध उभं राहता येणं. ते जर्सी सिटीच्या वाट्याला आलं याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि नवरोझ मोदी जिथं मारला गेला त्या होबोकेननं २०१७ मध्ये रवी भल्ला या पगडीधारी शिखाला महापौर म्हणून निवडून दिलं. मतदानाच्या तोंडावर गाड्यांच्या काचांवर पत्रकं अडकवली गेली: त्यांच्या फोटोवर, दहशतवादाला आपलं गाव बळकावू देऊ नका, असा मजकूर. त्याच हंगामात एडिसनमध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीत एका चिनी आणि एका भारतीय उमेदवाराच्या फोटोंवर ‘परत पाठवा’ असे शिक्के मारलेली पत्रकं घरोघर टपालानं आली. दोघेही निवडून आले.

एडिसनचं नाव निघालंच आहे, तर ऑगस्ट २०२२ चं संचलनही आठवायला हवं. भारताच्या स्वातंत्र्याचं पंचाहत्तरावं वर्ष. इंडिया डेच्या मिरवणुकीत पंतप्रधान मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला एक बुलडोझर चालला. उत्तर प्रदेशात मुस्लिमांची घरं कशानं पाडली जात होती हे मिरवणुकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. न्यू जर्सीतल्या मुस्लिमांनी आणि इतर अनेकांनी निषेध केला, आयोजक संस्थेनं पुढे माफी मागितली. मला धक्का बसला तो बुलडोझरपेक्षा त्याच्या बचावात जे बोललं गेलं त्यानं: आमचा सण आहे, तुम्हाला काय त्रास? ज्या राज्यात पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या बायका कुंकू पुसत होत्या, तिथंच शेजाऱ्याला धाक घालणारी वस्तू आपण मिरवणुकीत आणली.

हे सगळं लिहून ठेवणारे आता कमी होत आहेत. गोपाल राजू यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कमधून काढलेलं ‘इंडिया अब्रॉड’ हे साप्ताहिक भारतीय समाजाचं मुख्य वर्तमानपत्र. मार्च २०२० मध्ये ते छापणं थांबलं. १ फेब्रुवारी २०२५ ला ‘जर्सी जर्नल’चा शेवटचा अंक निघाला. छपाईचा कारखाना बंद झाला, आणि दीडशेहून अधिक वर्षांचं दैनिक संपलं. २०२० च्या जनगणनेत २,९२,४४९ लोकवस्ती असलेल्या, गोरे, काळे, लॅटिनो, आशियाई यांपैकी कोणाचंच बहुमत नसलेल्या या गावात आज रोजचं छापील वर्तमानपत्र नाही. त्या दैनिकानं पत्र छापलं तसेच मोर्चे आणि खटलेही छापले होते. त्याच्यावर रागवायला एक पत्ता तरी होता. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय वंशाच्या श्रीराम कृष्णन यांची व्हाइट हाउसमधली नेमणूक जाहीर झाली आणि समाजमाध्यमांवर भारतीयांविरुद्ध जो मजकूर उसळला, तो १९८७ च्या पत्राच्या तोडीस तोड होता. तो कोणी छापला, हे विचारायला कोणता संपादक?

जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी आशियाई-अमेरिकी इतिहास शाळांतून शिकवणं न्यू जर्सीत बंधनकारक करणाऱ्या कायद्यावर सही केली. इलिनॉयनंतर असं करणारं हे दुसरं राज्य. कायद्यात विषय आहे, धडे गावोगावच्या शाळा ठरवतात. त्यात दिवाळी आणि रांगोळी येईल, ती यायलाही सोपी. होबोकेनचा खटला, निकालासकट, यायला कोणीतरी मागावा लागेल. शाळा मंडळाच्या बैठका जाहीर असतात आणि तिथं पालकांना बोलायची मुभा असते. मराठी पालक तिथं गणिताच्या वर्गासाठी आणि गिफ्टेड प्रोग्रामसाठी जातातच. त्याच माइकवर नवरोझ मोदीचं नाव घ्यायला हवं, आणि हेही सांगायला हवं की तो ‘आपल्यातला’ होता की नव्हता याची चौकशी त्या रात्री कोणी केली नव्हती.